काउन्सेलर मॅडमनी बोलावलंय, म्हणजे मी काय केलं?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका आईने लिहिलंय. मुलगा चौथीत आहे, इंग्लिश मीडियमच्या शाळेत. घरी आई-बाबा, आजी आणि धाकटी बहीण. दिवाळीनंतर आजोबा गेले. तेव्हापासून मुलगा वर्गात गप्प असतो, फळ्यावरचं अर्धंच उतरवून घेतो, डबा तसाच परत आणतो, असं क्लासटीचरनी डायरीत लिहून पाठवलं आणि सोबत एक फॉर्म दिला, की शाळेच्या काउन्सेलर मॅडम त्याच्याशी बोलतील, पालकांची सही हवी. फॉर्म बघून मुलगा रडायलाच लागला. "मी काहीच केलं नाहीये, मला तिथे नको पाठवू, तिथे फक्त बदमाश मुलं जातात, आणि आमच्या वर्गातला एक जण तिकडे जाऊन आला तर आता सगळे त्याला मेंटल म्हणतात." आजींचं म्हणणं, चांगल्या पोराला वेड्यात काढताय. बाबा म्हणतात, तुझं तू ठरव. आईंचे प्रश्न असे आहेत: सही करू की नको? हे पुढे शाळेच्या रेकॉर्डवर राहील का? आणि काउन्सेलर म्हणजे आपली मैत्रीण असते, घाबरायचं काही नसतं, हे एवढ्याशा मुलाला कसं पटवायचं, कारण खूप समजावूनही त्याला पटत नाहीये. पत्राच्या शेवटी त्यांनी हेही लिहिलंय की अभ्यास केला नाही की मीच कधीकधी म्हणायचे, थांब, तुझ्या काउन्सेलर मॅडमना सांगते.

उत्तर:

ताई, तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तुमच्या लेकाचं वाक्य, तिथे फक्त बदमाश मुलं जातात. आपण मोठी माणसं असं काही ऐकलं की लगेच म्हणतो, अरे तुझा गैरसमज आहे, आणि समजवायला बसतो. पण मला विचाराल तर हा गैरसमज नाहीये. त्या शाळेत चौथीपर्यंत त्याने जे डोळ्यांनी बघितलंय त्यावरून त्याने अगदी नीट अंदाज बांधलाय. ज्याने मारामारी केली तो गेला, ज्याने शिवी दिली तो गेला, ज्याची वही कधीच पूर्ण नसते तो गेला, आणि घरी आईसुद्धा अभ्यास झाला नाही की त्याच मॅडमचं नाव घेते. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं. (त्या शेवटच्या वाक्याबद्दल स्वतःला फार लावून घेऊ नका, खूप घरांत असं बोललं जातं, आधी पोलिसाचं नाव घ्यायचे, मग इंजेक्शनवाल्या डॉक्टरचं, आता काउन्सेलरचं. फक्त आजपासून ते बंद करा, एवढंच.)

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील. त्याला पटवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, पटवू नका. मुलं काउन्सेलरबद्दलचं मत आपण काय सांगतो त्यावरून बनवत नाहीत, बोलावलं कोणी, कधी, कोणासमोर आणि कुठल्या कारणाने, यावरून बनवतात. ते बदललं की मत बदलतं, आणि ते तसंच राहिलं तर तुम्ही कितीही गोड शब्दांत सांगा, ते पोर तुमच्यावर विश्वास ठेवण्याऐवजी डोळ्यांवर ठेवणार, आणि ठेवावाच.

मी बरीच वर्षं शाळांमध्ये काउन्सेलरचंच काम केलंय, त्यामुळे हे बोलावणं कसं येतं ते मला चांगलं माहीत आहे. गणिताचा तास चालू असतो. दारात शिपाईकाका येतात, हातात चिठ्ठी. टीचर चिठ्ठी वाचतात आणि तिथूनच मोठ्याने, "जा रे, तुला काउन्सेलर मॅडमनी बोलावलंय." वर्गातून एक लांबलचक ओऽऽऽ उठतो. ते पोर मान खाली घालून पेन्सिल कंपासमध्ये ठेवतं, झाकण दोनदा निसटतं, मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजतं, आज तू गेलास. मग कॉरिडॉरमधून चालताना डोक्यात एकच हिशोब, काल काय केलं, परवा काय केलं, माझं नाव कोणी सांगितलं असेल. खोलीत येईपर्यंत त्याने मनातल्या मनात सगळे गुन्हे कबूल केलेले असतात. तिसरीतली एक मुलगी खुर्चीत बसायच्या आधीच मला म्हणाली होती, "मॅडम, मी तिचा खोडरबर परत दिला, खरंच दिला." मला खोडरबराचं काहीच माहीत नव्हतं, तिला नुकताच भाऊ झाला होता आणि शाळा सुटली की ती घरी जायला नको म्हणायची म्हणून बोलावलं होतं. ती पूर्ण वेळ खोडरबराबद्दलच बोलली, त्या दिवशी भावाचा विषय निघालाच नाही.

हे काही तुमच्या-माझ्या शाळेतल्याच मुलांचं नाही. ज्याँ पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी लहान मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारले होते. दोन मुलं बागेतून सफरचंदं चोरतात, पोलीस येतो, एक पकडला जातो, दुसरा पळतो आणि पळताना एका कुजक्या लाकडी पुलावरून पाण्यात पडतो. प्रश्न असा, की त्याने चोरी केली नसती तर तो पडला असता का? मोठ्या मुलांनी सांगितलं, पूल कुजका होता, पडलाच असता. पण लहान मुलांपैकी बरीच म्हणाली, नाही, चोरी केली म्हणून पडला. म्हणजे या वयात वाईट काही घडलं की त्याच्यामागे आपण केलेलं वाईट काहीतरी असणारच, असं डोक्यात बसलेलं असतं, आणि ते दहा-अकराव्या वर्षापर्यंत हळूहळू सुटत जातं. आता तुमच्या लेकाकडे याच नजरेने बघा. वर्गातून वेगळं काढलं जाणं ही त्याच्यासाठी वाईट गोष्ट आहे, मग त्याचं कारण त्याने स्वतःतच शोधलं, सापडलं नाही, म्हणून तो रडतोय की मी काहीच केलं नाहीये. ताई, इथे मला थोडी काळजी वाटते ती वेगळीच. आजोबा गेले त्याचंही कारण तो असंच कुठेतरी स्वतःत शोधत नसेल ना? मी त्यांना पाणी दिलं नाही, मी ओरडलो, मी खेळायला गेलो होतो. मुलं असं खूप वेळा मनात धरून बसतात आणि कोणालाच सांगत नाहीत. तुमच्या मुलाच्या मनात हेच आहे असा माझा दावा नाही, पण घरात कोणीतरी एकदा स्पष्ट शब्दांत सांगितलेलं असावं की आजोबा आजारपणाने गेले (किंवा जे खरं कारण असेल ते), तू काही केलंस किंवा केलं नाहीस म्हणून नाही गेले.

बरं, मुलं काउन्सेलरला काय समजतात ते वयाप्रमाणे खूप बदलतं, आणि हे पालकांना माहीत असलं की बोलणं सोपं जातं. पहिली-दुसरीची मुलं मला विचारायची, तुम्ही कुठल्या विषयाच्या टीचर? विषय नाही म्हटलं की त्यांना कोडंच पडायचं, मग तुम्ही परीक्षा कशाची घेता? आणि मग स्वतःच ठरवून टाकायची, तुम्ही गप्पांच्या टीचर, किंवा खेळण्यांच्या टीचर. एखादं विचारायचं, इंजेक्शन देता का. या वयात भीती लवकर येते आणि लवकर जातेही, खोलीत रंगीत खडू आणि चिकणमाती दिसली की काम झालं. खरी अडचण सुरू होते तिसरी-चौथीत, नेमकं तुमच्या लेकाच्या वयात, कारण आता दुसऱ्या मुलांना काय वाटेल हा विचार डोक्यात आलेला असतो. खोलीत काय होतं यापेक्षा खोलीत जाताना कोणी बघितलं का हे मोठं होतं. पाचवी-सहावीपासून तिसराच प्रश्न येतो, तुम्ही हे माझ्या मम्मीला सांगणार का, आमच्या सरांना सांगणार का. आणि आठवी-नववीत बरीच मुलं असं धरून चालतात की काउन्सेलर म्हणजे दहावीनंतर कुठली साइड घ्यायची ते सांगणाऱ्या, बाकी कशासाठी त्यांच्याकडे जाता येतं हेच माहीत नसतं.

आता तुम्ही त्याला सांगितलंत, काउन्सेलर म्हणजे मैत्रीण. सगळे असंच सांगतात, काउन्सेलरसुद्धा स्वतःची ओळख अशीच करून देतात, आणि मला ते पटत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला मैत्रीण म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं. मैत्रीण आपल्याबरोबर डबा खाते, भांडते, तिच्या घरी जाता येतं, आणि मुख्य म्हणजे तिला सांगितलेलं गुपित ती मोठ्यांना सांगत नाही. काउन्सेलर यातलं काहीच नसते. शिवाय मुलाने जर सांगितलं की कोणीतरी मला मारतंय किंवा नको तिथे हात लावतंय, तर तिला ते स्वतःजवळ ठेवता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाच्या लैंगिक छळाची माहिती असलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, काउन्सेलरही त्यात आली. मग आधी मैत्रीण म्हणायचं आणि नंतर सांगावं लागलं की त्या मुलाच्या लेखी आपण फसवलं. त्यापेक्षा पहिल्यापासून खरं काय ते सांगितलेलं बरं. मुलांना खरं पचतं, त्यांना अर्धवट गोड बोलणं पचत नाही.

म्हणून त्याला सांगायचं झालं तर असं काहीतरी सांगा, तुमच्या भाषेत, झोपायच्या आधी किंवा गाडीवरून येताना, समोर बसवून लेक्चर नको. "अरे, त्या मॅडमचं काम आहे मुलांचं ऐकून घ्यायचं. कोणाचं काही चुकलं म्हणूनच नाही, कोणाला वाईट वाटत असेल, झोप येत नसेल, कोणाची आठवण येत असेल तरी त्यांच्याशी बोलता येतं. त्या मार्क देत नाहीत, शिक्षा करत नाहीत. तू जे बोलशील ते त्या वर्गात सांगणार नाहीत. फक्त कोणी तुला त्रास देत असेल किंवा तुला इजा होण्यासारखं काही असेल तर त्या आम्हाला सांगतील, कारण मग आपल्याला ते थांबवायचं असतं. आणि मी आधी तुला मॅडमचं नाव घेऊन घाबरवायचे ना, ते मी चुकीचं बोलत होते." एवढं पुरे. शेवटचं वाक्य गाळू नका, त्याच्यासाठी तेच सगळ्यात मोठं आहे. आणि मेंटल म्हणणाऱ्या मुलांबद्दल विचारलं तर, त्यांना माहीत नाही म्हणून म्हणतात, असं सांगून सोडून देऊ नका, तुला त्याची भीती वाटते ना, मी टीचरशी बोलते, असं म्हणा आणि खरंच बोला.

कारण खरं काम शाळेकडे आहे. सही करायच्या आधी क्लासटीचरना भेटा, फोनवर नको, पाच-दहा मिनिटं प्रत्यक्ष. त्यांनी डायरीत लिहिलं, लक्ष दिलं, याबद्दल आधी त्यांचे आभार माना, कारण चाळीस-पन्नास पोरांत एक पोर गप्प झालंय हे दिसणं सोपं नसतं, दंगा करणारं पोर सगळ्यांना दिसतं, गप्प पोर कोणाला दिसत नाही. मग मागा. त्याला वर्गात नाव घेऊन पाठवू नका. चिठ्ठी, शिपाईकाका काही नको. शक्य असेल तर मॅडमनीच आधी अख्ख्या वर्गावर एक तास घ्यावा, राग आला की काय करायचं, आठवण आली की काय करायचं, असा काहीतरी, म्हणजे मुलांना तो चेहरा माहीत होतो आणि कळतं की या सगळ्यांच्याच आहेत. माझ्या अनुभवात हा एक तास घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दाराशी मुलं येऊन उभी राहतात, काही काम नसतं, नुसतं आत डोकावून, मॅडम येऊ का. शाळांनी हे वर्षाच्या सुरुवातीलाच, जूनमध्येच केलं तर निम्मे प्रश्न येणारच नाहीत, पण आपल्याकडे काउन्सेलर नेमतात आणि मग त्यांना तक्रारीचं खातं करून टाकतात. एखादा मुलगा टीचरला आवरत नाही की पाठवा तिकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी केलीय २००९ मध्येच, छडी गेली हे चांगलंच झालं, पण छडीच्या जागी काउन्सेलरच्या खोलीची धमकी आणून ठेवली तर त्या खोलीचा उपयोग ज्याला खरंच गरज आहे त्या मुलालाही होत नाही.

आणखी एक मागा, हे लोकांना फार किरकोळ वाटतं पण मुलांना विचारा. त्याला पीटीच्या तासाला बोलवू नका. चित्रकलेच्याही नको. टाइमटेबलमध्ये तेच तास मोकळे वाटतात म्हणून शाळा नेमके तेच तास काउन्सेलिंगला देतात, आणि मैदानावर मित्र क्रिकेट खेळतायत आणि आपण खोलीत बसलोय हे बघितल्यावर कुठलंही पोर त्याला शिक्षाच म्हणणार. एखादा प्रोजेक्टचा किंवा लायब्ररीचा तास बघा, किंवा शाळा सुटल्यावरची पंधरा मिनिटं, तुम्ही घ्यायला येता तेव्हाची.

काउन्सेलर मॅडमनाही एकदा भेटा, तो तुमचा हक्कच आहे. त्यांचं शिक्षण काय, हे विचारायला संकोच करू नका, मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात शिक्षण असलेली व्यक्ती असावी, कारण काही ठिकाणी जी टीचर मोकळी आहे तिलाच हे काम दिलेलं असतं. किती वेळा बोलवणार, तुम्हाला काय सांगणार आणि काय सांगणार नाही, काही लिहून ठेवतात ते कुठे ठेवतात, कोण बघू शकतं, हे विचारा. चांगली काउन्सेलर या प्रश्नांनी नाराज होत नाही, उलट तिला बरं वाटतं. आणि आजोबांबद्दल त्यांना आधीच सांगून ठेवा, त्याला तिथे जाऊन पहिल्यापासून सांगायला लावू नका.

रेकॉर्डची भीती मला समजते, पुढे ऍडमिशनला अडचण येईल का वगैरे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगती आणि वर्तणूक असे रकाने असतात, काउन्सेलरकडे गेला होता असा रकाना नसतो, आणि आजोबांच्या आठवणीने मुलगा गप्प झाला हा काही वर्तणुकीचा दोष नाही. काउन्सेलरच्या नोंदी वेगळ्या असायला हव्यात, प्रगतिपुस्तकात किंवा टीचरच्या रजिस्टरमध्ये जायला नकोत. तुमच्या समाधानासाठी फॉर्मवर सहीच्या खाली दोन ओळी लिहा, की या भेटींच्या नोंदी गोपनीय ठेवाव्यात आणि आम्हाला विचारल्याशिवाय कोणाला देऊ नयेत. फोटो काढून ठेवा. शाळेने आक्षेप घ्यायचं काही कारण नाही.

आता सही करायची की नाही. न करण्याचा पर्याय तुम्हाला आहे, आणि न केली तर तुम्ही वाईट आई ठरत नाही. काही मुलं आईशी, मामाशी, आत्याशी बोलून हळूहळू मोकळी होतात. पण तुमच्या घराकडे बघून मला वाटतं की करावी. तुमच्या घरात आत्ता सगळेच दुःखात आहेत. आजींचं तर आयुष्यभराचं माणूस गेलंय. मुलाने आजोबांचं नाव काढलं की आजी रडत असतील, तुमचे डोळे भरत असतील, आणि नऊ वर्षांचं पोर हे फार पटकन शिकतं की हा विषय काढला की सगळ्यांना त्रास होतो, म्हणून काढायचा नाही. मग ते गप्प होतं, जेवत नाही. अशा वेळी घराबाहेरचं एक माणूस लागतं जिच्यासमोर आजोबांबद्दल बोललं तर ती रडणार नाही, तिला सांभाळावं लागणार नाही. काउन्सेलरचा खरा उपयोग इथे आहे. ती तुमच्यापेक्षा जास्त माया करते म्हणून नाही, ती तुमच्या दुःखात नाही म्हणून.

पण सही करण्याआधी किंवा त्याच आठवड्यात एक काम करा, त्याचे डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं अर्धंच उतरवतो हे तुम्ही सगळ्यांनी दुःखाच्या खात्यात टाकलंय, असेलही, पण आठ-नऊ-दहा या वयात चष्मा लागणं अगदी नेहमीचं आहे आणि मुलं मला दिसत नाही असं सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. बाक बदललाय का तेही टीचरना विचारा. डोळे नीट असतील आणि दुःख ओसरल्यावरही लिहिताना अक्षरं उलटसुलट होणं, वाचताना अडखळणं असं काही दिसलं तर मग अध्ययन अक्षमतेची तपासणी हा वेगळा विषय, त्याची आत्ता घाई नको, फक्त लक्षात असू दे.

आजींशी वाद घालू नका, ताई. "आमच्या वेळी नव्हतं हे असलं" असं त्या म्हणत असतील तर ते खरंच आहे, त्यांच्या वेळी वाड्यात नाहीतर गल्लीत दहा माणसं असायची, एकाशी नाही तर दुसऱ्याशी पोर बोलायचं. आता चार भिंतींत चार माणसं आणि चारही जणांचं रडू एकाच कारणाचं. त्यांना सांगा की डॉक्टर नाही, औषध नाही, शाळेतल्याच एक बाई आहेत, त्याच्याशी आजोबांबद्दल बोलणार आहेत. आणि त्यांच्याकडे एक काम द्या, नातवाला आजोबांची गोष्ट सांगायची. आजोबा लहानपणी कुठल्या शाळेत जायचे, कशात नापास झाले, सायकल कधी घेतली. सांगताना त्या रडल्या तरी चालेल, रडताना बोलतासुद्धा येतं हे त्या पोराला दिसेल. मला तर वाटतं काउन्सेलरकडच्या चार भेटींइतकाच याचा उपयोग होईल.

ज्यांच्या शाळेत काउन्सेलरच नाहीत असे कितीतरी वाचक आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतले, छोट्या गावातल्या खाजगी शाळेतले, त्यांच्यासाठी थोडं लिहिते. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या शाळा-कॉलेज-कोचिंगसाठी सूचना दिल्या आहेत. त्यात १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं असं सांगितलंय. पालकसभेत हा मुद्दा काढा, कागदावर लिहून द्या, एकट्याने नाही, चार-पाच पालकांनी मिळून. तोपर्यंत टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, मुलाबद्दल काय करावं हे आई-बाबांनीही तिथे विचारलं तर चालतं. आणि मुलाला कोणी मारतंय, छळतंय, धोका आहे असं असेल तर चाइल्डलाइन १०९८. हा नंबर मुलांना पाठच करून घ्या, पहिलीच्या मुलालाही चार आकडे पाठ होतात.

काही गोष्टींसाठी मात्र शाळेच्या फॉर्मची, पुढच्या मीटिंगची वाट बघू नका. मूल म्हणायला लागलं की मी नसतो तर बरं झालं असतं, मला आजोबांकडे जायचंय, स्वतःला चिमटे-ओरखडे काढायला लागलं, कित्येक दिवस नीट जेवत-झोपत नाही, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, एखाद्या ठराविक माणसाकडे किंवा ठराविक जागी जायला अचानक घाबरायला लागलं, तर सरळ बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. आजोबांकडे जायचंय हे चौथीतलं मूल नुसत्या आठवणीनेही म्हणतं, पण ते आठवणीने म्हणतंय की आणखी कशाने, हे घरी बसून आपण ठरवायचं नाही.

भेट सुरू झाल्यावरचं एक सांगायचं राहिलं. तो पहिल्या दिवशी बाहेर येईल तेव्हा तुमच्या जिभेच्या टोकावर प्रश्न असेल, काय विचारलं मॅडमनी, तू काय सांगितलंस, माझं नाव घेतलंस का. विचारू नका. भूक लागलीय का विचारा, वाटेत वडापाव खायला घाला. रोज उलटतपासणी झाली की पोराच्या लक्षात येतं की त्या खोलीतलं सगळं शेवटी आईकडेच जातं, मग ते तिथेही आपल्याला चालेल तेवढंच बोलायला लागतं. त्याला वाटलं तर तो सांगेल, बहुतेक रात्री दिवा घालवल्यावर, आणि तेही भलत्याच विषयाच्या मधोमध.

आणि दोन-तीनदा जाऊनही तो म्हणाला की मला नाही आवडत तिथे, तर ते ऐका. कारण विचारा, जागा आवडत नाही, वेळ आवडत नाही, की मॅडमच आवडत नाहीत. जागा-वेळ बदलता येते. मॅडमशी जमत नसेल तर तसं त्यांना स्पष्ट सांगा आणि थांबा, महिन्याभराने परत विचारू म्हणून सांगा, किंवा शाळेबाहेरचं कोणी बघा. नको म्हटल्यावर आईने खरंच थांबवलं, हे त्याला कळू द्या. पुढे आठवीत-दहावीत कधी गरज पडली तर तो स्वतःहून जाईल.